जहाजाआधी पोचणारा कागद

गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागलं की बाघ नदीच्या पुलावर महाराष्ट्र संपतो आणि पलीकडे राजेगाव लागतं. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नदीच्या दोन्ही काठांना एकच राज्य होतं आणि त्याची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी राज्यांची नवी आखणी अमलात आली. भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्यात तेव्हा गोंदियाही होतं, आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी चालू राहिल्या, बाजारहाट चालू राहिला, धानाचा व्यापारही चालू राहिला. पण मालाच्या वाटेवर नाका आला.

नाक्याची रीत इथल्या प्रत्येक ट्रान्सपोर्टवाल्याला पाठ होती. ट्रक रांगेत लागायचा. ड्रायव्हर बिल्टी आणि बिल हातात घेऊन खाली उतरायचा. शंका आली तर ताडपत्रीचे दोर सोडायला लावायचे. ‘गाडीत काय आहे?’ हा प्रश्न गाडी सीमेवर आल्यावर विचारला जाई आणि त्याचं उत्तर तिथेच तपासलं जाई. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याराज्यांचे विक्रीकराचे नाके उठले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल लागू झालं. माल पन्नास हजार रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर तो काय आहे, किती आहे, कुणाकडून कुणाकडे आणि कोणत्या गाडीने चालला आहे, हे गाडी हलण्याआधीच संगणकात भरावं लागू लागलं. १ जुलै २०२४ ला मध्य प्रदेशाने आपले परिवहन नाकेही बंद केले. प्रश्न तोच राहिला, तो विचारण्याची वेळ तेवढी अलीकडे आली.

समुद्रावर हीच गोष्ट याच्या पंधरा वर्षं आधी घडली, आणि तिथे कारण कराचं नव्हतं, सुरक्षेचं होतं. जहाजात कोणता माल चढणार आहे, तो कुणी बनवला, कुठे भरला, कोण विकतंय, कोण घेतंय, ही माहिती माल जहाजात चढण्याआधीच आयात करणाऱ्या देशाच्या कस्टम्सला कळली पाहिजे, असे नियम एकामागून एक देशांनी केले. हे पुस्तक त्या नियमांबद्दल आहे. ते राजेगावसारख्या ठिकाणाहून, मराठीत का लिहावंसं वाटलं, हे या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

माझं म्हणणं असं की या नियमांनी सुरक्षेची जबाबदारी बंदरातल्या अधिकाऱ्याकडून बरीचशी काढून घेतली आणि माल भरणाऱ्या, बिल करणाऱ्या, मालाचं वर्णन टाइप करणाऱ्या माणसाच्या हाती दिली. तो माणूस न्हावा-शेवाच्या बंदरात बसलेला नसतो. तो वारासिवनीच्या राइस मिलमध्ये असतो, गोंदियाच्या ऑफिसात असतो, बुटीबोरीच्या कारखान्यात असतो. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की त्याने लिहिलेल्या त्या दोन ओळींवर कुणाचा तरी जीव अवलंबून आहे.

आधी आपल्या भागापुरतं बोलू. बालाघाट आणि गोंदिया हा धानाचा पट्टा. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या मिलमध्ये आज सॉर्टेक्स लागतं. काळा, डागी दाणा वेगळा काढणारं ते यंत्र बऱ्याचदा परदेशातून येतं, निदान त्याचे सुटे भाग तरी येतात. माल चीनच्या बंदरातून न्हावा-शेवाला उतरतो आणि तिथून ट्रेलरने किंवा नागपूरपर्यंत रेल्वेने पुढे येतो. मिलवाल्याला दिसतात ते दोनच कागद, विक्रेत्याचं बिल आणि सीएचएचं, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटचं बिल. मधला सगळा प्रवास त्याच्यासाठी अंधारात असतो. त्या अंधारात काही चुकलं तर तो पैसे भरतो आणि का भरले हे त्याला नीट कळत नाही. २०२१ च्या वित्त कायद्यानंतर समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचा आयातीचा अर्ज, जहाज पोचण्याच्या आदल्या दिवशीच्या आत दाखल करावी लागते, आणि तो आदला दिवस सुटीचा असला तरी सूट नाही. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये आकारले जातात. वर शिपिंग कंपनीचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचे पैसे, आणि सीएफएसचं, म्हणजे कंटेनर ठेवण्याच्या गोदामाचं भाडं. एका यंत्राच्या नफ्यावर पाणी फिरायला आठवडा पुरतो.

तरीही हे नियम चुकीचे आहेत असं मला वाटत नाही. ते का आले हे समजायला मुंबईच्या गोदीत जावं लागेल, आणि तेही अमेरिकेवरच्या २००१ च्या हल्ल्याच्या कितीतरी आधी.

फोर्ट स्टिकीन नावाचं मालवाहू जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, शिवाय विमानांचे भाग आणि सोन्याच्या विटाही होत्या. वाटेत कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड असा माल भरला गेला. स्फोटकं आणि कापूस एकाच जहाजात. हे शांततेच्या काळात कुणी होऊ दिलं नसतं, पण युद्ध चालू होतं आणि जागा अपुरी होती. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. स्फोटकं वाहणाऱ्या जहाजाने बंदरात लाल बावटा लावायचा असतो. युद्धकाळ असल्याने तो लावलेला नव्हता.

१४ एप्रिलच्या दुपारी जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या भांडारातून धूर निघताना दिसला. आगीचे बंब आले, पाण्याचे फवारे सुरू झाले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेजारची जहाजं बुडाली, मांडवीच्या बाजूची गोदामं पेटली, जळत्या कापसाचे गोळे वस्त्यांवर पडले. माणसं शेकड्यांनी गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. आजही १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

या घटनेबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं, पण बहुतेक वेळा सोन्याच्या विटा कुठे पडल्या आणि कुणाला सापडल्या याचंच. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. जहाजात काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं असं नाही. माल कुठे रचला आहे याचा नकाशा जहाजावर होता, अधिकाऱ्यांना माहिती होती. पण शेजारच्या धक्क्यावर गाठी उचलणारा हमाल, पलीकडच्या जहाजावरचा खलाशी, गोदीबाहेर दुकान मांडून बसलेला माणूस यांच्या नजरेसमोर ती माहिती नव्हती. दोन दिवस ते जहाज इतर जहाजांसारखंच एक जहाज म्हणून तिथे उभं होतं. आगाऊ माहितीचे आजचे नियम ज्या प्रश्नाचं उत्तर शोधतात तो प्रश्न मुंबईने १९४४ मध्येच इतकी मोठी किंमत देऊन विचारला होता. माहिती असते, पण ती कुणाकडे असते आणि वेळेवर असते का?

त्यानंतर मालाची ने-आणच बदलली. २६ एप्रिल १९५६ ला आयडियल एक्स नावाचं जहाज अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं, त्यावर ५८ कंटेनर होते. इकडे राजेगावला राज्याची सीमा आली, तिकडे कंटेनर आला, दोन्ही एकाच वर्षी. तोवर गोदीत पोतं, पिंप, खोका, गाठ हे सगळं हमालाच्या पाठीवरून जात असे आणि म्हणून डोळ्यांना दिसत असे. कंटेनर आला आणि माल बंद पेटीत गेला. मुंबईजवळ न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं तेच कंटेनरचा काळ ओळखून. आता त्या बंदरातून वर्षाला ७० लाखांहून जास्त कंटेनर एककं हलतात, एक एकक म्हणजे वीस फुटी पेटी. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजांवर अशी २४,००० एककं मावतात. प्रत्येक पेटीवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात, दाराला सील असतं, आणि आत काय आहे हे भरणाऱ्याच्या शब्दावर चालतं. शिपिंग कंपनी बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल घेतल्याच्या पावतीवर, तसं स्पष्ट छापते की आतला माल आम्ही मोजलेला नाही, पाठवणारा सांगतो तेच लिहिलं आहे.

पेट्या उघडून का पाहत नाहीत, असा साधा प्रश्न मनात येतो. त्याचं उत्तर अमेरिकेने स्वतः प्रयत्न करून मिळवलं. २००७ मध्ये तिथल्या काँग्रेसने कायदा केला की जुलै २०१२ पासून अमेरिकेकडे येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच स्कॅन झालेला असला पाहिजे. ते आजवर जमलेलं नाही, मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. इतकी यंत्रं, इतकी जागा, इतका वेळ कुणाकडेच नाही. मग उरतो एकच मार्ग. आधी कागद मागा, कागदावरून संशय ठरवा आणि संशयित पेटीच उघडा.

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेने याच मार्गाने जायचं ठरवलं. पहिला नियम डिसेंबर २००२ मध्ये आला आणि त्याला व्यवहारात चोवीस तासांचा नियम म्हणतात. अमेरिकेकडे जाणारा माल परदेशी बंदरात जहाजावर चढण्याच्या चोवीस तास आधी शिपिंग कंपनीने मालाची यादी अमेरिकन कस्टम्सला पाठवली पाहिजे, असा तो नियम. ‘जनरल कार्गो’ किंवा ‘इतर सामान’ असं मोघम वर्णन चालणार नाही, हेही तेव्हाच सांगण्यात आलं. न्हावा-शेवातून निर्यात करणाऱ्यांना याची पहिली झळ लागली, कारण कंटेनर बंदरात नेण्याची मुदत एकदम मागे आली. आदल्या रात्री फॅक्टरीतून ट्रेलर काढून सकाळी जहाजात चढवण्याचे दिवस संपले.

दुसरा नियम अधिक खोलात जाणारा होता. २००६ च्या बंदर सुरक्षा कायद्यावर आधारलेला तो नियम जानेवारी २००९ मध्ये लागू झाला आणि एका वर्षाने त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली. व्यापारी त्याला ‘दहा अधिक दोन’ म्हणतात. दहा गोष्टी आयातदाराने द्यायच्या आणि दोन शिपिंग कंपनीने. विकणारा कोण, घेणारा कोण, आयातदाराचा क्रमांक, माल ज्याच्या नावे आहे त्याचा क्रमांक, माल कुणी बनवला, शेवटी कुठे उतरणार, कोणत्या देशात बनला आणि मालाचा सहा आकडी वर्गीकरण क्रमांक, अशा आठ गोष्टी माल चढण्याच्या चोवीस तास आधी. कंटेनर कुठे भरला आणि कुणी भरवला या दोन गोष्टी शक्य तितक्या लवकर आणि जहाज पोचण्याच्या चोवीस तास आधी तरी. शिपिंग कंपनीकडून कोणती पेटी जहाजात कुठे रचली आहे याचा नकाशा आणि पेटीच्या हालचालींचे संदेश. चुकीला किंवा उशिराला दर वेळी ५,००० डॉलरपर्यंत भुर्दंड.

या दहांपैकी ‘कंटेनर कुठे भरला’ ही ओळ मला फार बोलकी वाटते. समजा, बालाघाट जिल्ह्यातल्या एका मिलमध्ये चिन्नोरच्या पिशव्या भरून कंटेनरला तिथेच सील लागलं आणि माल न्यू जर्सीच्या एका भारतीय दुकानासाठी निघाला. तर त्या मिलचा पत्ता, गाव आणि जिल्ह्यासकट, अमेरिकेच्या कस्टम्सच्या संगणकात त्या दुकानदाराला तांदूळ मिळण्याच्या कितीतरी दिवस आधी गेलेला असतो. पत्ता चुकला, मिलऐवजी गोंदियाच्या ब्रोकरचं ऑफिस लिहिलं, तर सापडल्यावर भुर्दंड त्या आयातदाराला बसतो आणि पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. पुण्या-मुंबईहून अमेरिकेला कायमचं राहायला जाणारी कुटुंबं घरचं सामान समुद्रमार्गे पाठवतात, त्यांनाही हा नियम लागू आहे. भांडी, पुस्तकं, देवघर, शिवणयंत्र, जे असेल त्याची खरी यादी आधी द्यावी लागते.

बाकीच्या देशांबद्दल इथे थोडक्यातच सांगतो, पुढे त्यांची स्वतंत्र प्रकरणं आहेत. कॅनडाने २००४ मध्ये समुद्री मालासाठी असाच नियम केला. जागतिक सीमाशुल्क संघटनेने जून २००५ मध्ये सर्व देशांसाठी एक चौकट मांडली आणि आगाऊ इलेक्ट्रॉनिक माहिती हा तिचा पाया धरला. युरोपीय संघात २०११ पासून ही माहिती सक्तीची झाली आणि जून २०२४ पासून समुद्री मालासाठी तिची नवी, बरीच कडक पद्धत सुरू झाली. जपानने मार्च २०१४ पासून चोवीस तास आधी यादी मागायला सुरुवात केली.

आता आपला देश. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातलं ३० वं कलम काळजीपूर्वक वाचलं तर या सगळ्या बदलाचा इतिहास एका कलमात सापडतो. मूळ कायद्यात जहाज पोचल्यावर चोवीस तासांत मालाची यादी द्यायची होती. जहाज धक्क्याला लागलेलं असे, आणि मग सरकारला कळे की आत काय आहे. पुढे दुरुस्ती होऊन यादी जहाज पोचण्याआधी द्यायची झाली. मग ११ मे २०१८ ला समुद्री माल यादी आणि ट्रान्सशिपमेंटचे नवे विनियम अधिसूचित झाले, त्यांनी १९७१ चे आयात यादीचे आणि १९७६ चे निर्यात यादीचे जुने विनियम बाजूला सारले. आता यादी भारतात येण्याआधीचं शेवटचं परदेशी बंदर सोडण्यापूर्वी द्यायची. फक्त शिपिंग कंपनीने नव्हे, एका कंटेनरमध्ये दहा जणांचा माल एकत्र करून पाठवणाऱ्या फॉरवर्डरनेही आपापल्या मालाची वेगळी माहिती भरायची. या सगळ्यांनी कस्टम्सकडे नोंदणी करायची. यादीला उशीर झाला तर कलमानुसार ५०,००० रुपयांपर्यंत दंड.

हे विनियम १ ऑगस्ट २०१९ ला लागू झाले, पण त्यांतल्या तात्पुरत्या सवलतींची मुदत त्यानंतर पुन्हा पुन्हा वाढवण्यात आली. या धोरणाबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी मोकळेपणाने मांडतो. उद्योगाला तयारीसाठी वेळ द्यावा हे रास्तच. पण मुदत दर वेळी अखेरच्या दिवसांत वाढते असा अनुभव आला की कुणी तयारी करत नाही. मोठ्या शिपिंग कंपन्यांकडे संगणक विभाग असतात, त्या सांभाळून घेतात. नागपूर, अकोला, रायपूरसारख्या ठिकाणच्या छोट्या फॉरवर्डरला मात्र एक दिवस अचानक कळतं की सवलत संपली. मग त्याच्या चुकीचे पैसे मिलवाला भरतो.

या नियमांनी काय पकडता येतं आणि काय येत नाही, हेही आधीच स्पष्ट करून ठेवतो, कारण या विषयावर फार ढोबळ बोललं जातं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरली. २००८ च्या मुंबई हल्ल्याचे हल्लेखोर मासेमारीच्या बोटीतून आले. यांपैकी कशाचीही मालयादी कुठल्या कस्टम्सकडे जाणार नव्हती. किनाऱ्याची राखण हा वेगळा विषय आहे, आणि तिथे कागद उपयोगाचा नसतो. आगाऊ माहितीचा नियम लागतो तो उजळ माथ्याने, बिल ऑफ लेडिंगसह, बंदराच्या दारातून येणाऱ्या मालाला. आणि त्यातूनही बरंच येतं. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात जवळपास ३,००० किलो हेरॉइन सापडलं, कागदावर तो अफगाणिस्तानचा टाल्क दगड होता आणि इराणच्या बंदर अब्बासहून आला होता. आयातदाराचा पत्ता होता विजयवाड्याचा. दुसऱ्याच वर्षी न्हावा-शेवाला ज्येष्ठमधाच्या एका मोठ्या कंटेनरमध्ये काड्यांवरच हेरॉइन चढवलेलं निघालं. दोन्हीकडे कागदातही संशयाला जागा होती. हा माल, या देशातून, या माणसाकडे, इतक्या लांबच्या बंदरातून का जातो आहे, या प्रश्नात. भारतीय कस्टम्सची जोखीम-निवड पद्धत २००५ पासून असेच प्रश्न संगणकाला विचारायला लावते. संगणकाकडे जितकी माहिती लवकर आणि खरी येईल तितकं त्याचं उत्तर उपयोगी.

स्मगलर आणि दहशतवादी यांच्यापुरताच हा विषय आहे असं मानू नका. मला जास्त भीती साध्या, निष्काळजी खोटेपणाची वाटते. ३० सप्टेंबर २००४ ला दिल्लीजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातला तोफगोळा फुटला आणि दहा कामगार मेले. कागदावर ते साधं लोखंडी भंगार होतं. त्यानंतर भंगारासाठी पाठवण्याआधीच्या तपासणीचं प्रमाणपत्र कडक झालं. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ सापडला. ते पोलाद महाराष्ट्रातल्या एका कारखान्यात ओतलेलं होतं आणि कोबाल्ट भंगारातून त्यात शिरला होता. त्यात फ्रान्समधल्या कामगारांना किरणोत्सर्गाची बाधा पोचली. भंगार वितळवणाऱ्या आपल्या कामगारांचं काय झालं याची चर्चा त्या मानाने फार कमी झाली.

मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा-३ हे जहाज विळिंजमहून कोचीला जाताना केरळच्या किनाऱ्याजवळ बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते, त्यांपैकी १३ मध्ये घातक माल आणि १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. कार्बाइड आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, आंबे चोरून पिकवायला वापरतात आणि त्यावर बंदी आहे. पाण्याला लागलं की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो पेटतो. किनाऱ्यावर वाहून आलेल्या पेट्यांना हात लावू नका, असं मच्छीमारांना सांगावं लागलं. लोकांचा आणि सरकारचा पहिला प्रश्न होता की कोणत्या पेटीत काय आहे. दोनच आठवड्यांनी, ९ जूनला, कोलंबोहून आपल्या न्हावा-शेवाकडे येणारं वान हाय ५०३ पेटलं. बावीस खलाशांपैकी अठरा वाचले, चार बेपत्ता झाले. आग विझवायला जाणाऱ्या तटरक्षक दलाच्या जवानाला पाणी मारायचं की फोम, हे पेटीतल्या मालावरून ठरवावं लागतं. तिथे मालाच्या वर्णनातला एक शब्द खरा असणं म्हणजे त्या जवानाचं संरक्षण. व्हिक्टोरिया गोदीतल्या ६६ जवानांच्या वाट्याला ते आलं नव्हतं.

पण कागद पोचला म्हणजे सगळं झालं असंही नाही, आणि हे सरकारी यंत्रणेने ऐकावं म्हणून लिहितो. ऱ्होसस नावाचं जहाज २०१३ मध्ये बैरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन आलं. माल काय आहे, किती आहे, कोणत्या गोदामात आहे, हे तिथल्या कस्टम्सला, बंदराला, न्यायालयाला माहीत होतं. पत्रव्यवहार झाला होता. ४ ऑगस्ट २०२० ला तो माल फुटला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. माहिती मागायची, साठवायची आणि वाचायचीच नाही, असं झालं तर आयातदाराकडून भरून घेतलेल्या प्रत्येक रकान्याचं ओझं व्यर्थ आहे. आपल्या कस्टम्सने छोट्या आयातदाराकडून जितकी शिस्त मागितली आहे, तितकीच ती माहिती वाचणाऱ्या माणसांच्या संख्येत आणि प्रशिक्षणात दिसली पाहिजे.

आणखी एक मागणी. हे सगळे नियम, अधिसूचना आणि परिपत्रकं इंग्रजीत निघतात, फार तर हिंदीत. बालाघाटच्या घरांत पोवारी, मराठी आणि हिंदी बोलली जाते, नदीपलीकडे मराठी. ट्रेलरचा ड्रायव्हर, मिलचा मुनीम, सील लावणारा सुपरवायझर, पोती मोजणारा मेट या माणसांकडून खरी माहिती हवी असेल तर ती का हवी आहे हे त्यांच्या भाषेत सांगायला नको का? मुनीम ‘मशिनरी पार्ट्स’ इतकंच लिहून मोकळा होतो, कारण तेवढं पुरतं असं त्याला वाटतं. ‘राइस मिलच्या सॉर्टेक्सचे एअर फिल्टर आणि कॅमेरे’ असं लिहायला त्याला अर्धं मिनिट जास्त लागेल. पण ते लिहायला त्याला कुणीतरी शिकवलं पाहिजे. सीमाशुल्क विभागाने आणि व्यापारी संघटनांनी हे काम हाती घ्यावं, नागपूरला, गोंदियाला, बालाघाटला शिबिरं घ्यावीत, मराठीत आणि हिंदीत नमुने छापावेत. ते होईपर्यंत हे पुस्तक त्या कामाला थोडा हातभार लावेल अशी आशा आहे.

पुस्तक वाचताना पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करायलाच हवी असं नाही. परदेशातून यंत्र मागवणार असाल तर बिल ऑफ एंट्री आणि मालयादीतील दुरुस्ती यांची प्रकरणं आधी वाचा. मालयादीत नाव, वजन किंवा नगांची संख्या विक्रेत्याच्या बिलाशी जुळली नाही तर माल बंदरात अडकतो, आणि दुरुस्तीचा अर्ज किती लवकर गेला यावर तुमचा खर्च ठरतो. अमेरिकेला किंवा युरोपला माल पाठवणार असाल तर तुमच्या ग्राहकाला कोणती माहिती कधी द्यायची याचे तक्ते मध्ये दिले आहेत. ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी सील, वजनकाटा आणि कंटेनर क्रमांक तपासण्याचं एक वेगळं प्रकरण आहे, ते लहान आहे पण ड्रायव्हरला वाचून दाखवण्यासारखं आहे.

दंडाच्या रकमा, मुदती आणि सवलती बदलत राहतात. म्हणून कोणताही माल बुक करण्याआधी आपल्या सीएचएकडून चालू अधिसूचनेची प्रत मागून घ्या, विक्रेत्याला मालाचं पूर्ण वर्णन बिलावर लिहायला सांगा, आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा मंजूर करण्यापूर्वी तो स्वतः वाचा.